विवी लोन यांच्याविषयी थोडी भर

फिनलंडच्या वास्तुविशारद विवी लोन यांच्यावरील हा लेख आवडला, मात्र त्यांची ओळख 'वास्तुविशारद आर्मास लिंडग्रेन यांच्या सहकारी' अशी करून दिली आहे, ती मला अपुरी वाटते. लिंडग्रेन यांच्यासोबत त्यांनी हेलसिंकीतील नवे विद्यार्थीभवन आणि १९१३ साली उघडलेले टॅलिनचे एस्टोनिया नाट्यगृह उभारले, हे खरेच आहे. पण त्याआधीच त्या स्वतंत्रपणे नावारूपाला आल्या होत्या.

१८७२ साली टाम्पेरे येथे जन्मलेल्या लोन १८९६ मध्ये पदवीधर झाल्या. त्या काळी तंत्रशिक्षण संस्थेत मुलींना विशेष परवानगीनेच, 'अतिरिक्त विद्यार्थी' म्हणून प्रवेश मिळत असे. अशा परिस्थितीत नोकरीच्या आडोशाला न राहता स्वतःचे कार्यालय थाटणाऱ्या त्या फिनलंडमधील पहिल्या स्त्री वास्तुविशारद ठरल्या, आणि पुढे तीसहून अधिक शाळांच्या इमारती त्यांच्या हातून घडल्या.

माझ्या मते त्यांची खरी हुशारी दिसते ती टाम्पेरेच्या मध्यवर्ती अग्निशमन केंद्रात. स्पर्धा जिंकून मिळवलेले हे काम १९०८ साली पूर्ण झाले. बंब ज्या दालनात उभे असत त्याची दर्शनी बाजू त्यांनी कमानीसारखी वळवली आणि तिच्यात दारांची रांग बसवली. घोडे जुंपलेली गाडी घाईने बाहेर काढायची असेल तर नुसत्या नक्षीपेक्षा असा विचार अधिक मोलाचा. (शाळांची कामे 'बायकांना शोभणारी' मानणाऱ्यांनी या इमारतीकडे जरूर पाहावे.) लेखात तिचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.