"एक बटण दाबायचे १२०० रुपये" या रिव्ह्यूला गॅरेजवाल्याचं उत्तर

नमस्कार साहेब. चिखलदऱ्यात पावसात, लेकराबाळांसह तुम्हाला ताटकळत थांबावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. उशीर झाला म्हणता, तर घाटात धुकं होतं, त्याले माझा इलाज नाही. पण "स्क्रू ड्रायव्हरनं एक बटण दाबलं अन् १२०० रुपये उपटले" हे वाचून जेवण गेलं नाही, म्हणून लिहितो.

फोनवर तुम्ही फक्त "गाडी बंद आहे, धक्का देऊनही होत नाही" एवढंच बोलले. ऑटोमॅटिक आहे हे तिथं आल्यावर कळलं. ऑटोमॅटिक धक्क्यानं चालू होतच नसते साहेब. त्यात हॉटेलची पोट्टी ती 'पी'मध्येच, म्हणजे पार्किंगमध्येच, ढकलून राहिली होती. 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आत लोखंडी खिटी दात्यात अडकलेली असते. दहा माणसं लावली तरी ती गाडी हलत नाही, उलट गिअरबॉक्सचंच नुकसान.

गाडीचं तोंड भिंतीला, दोन्ही बाजूंना गाड्या. दुसऱ्या बॅटरीवरून करंट द्यायची केबल बोनेटपर्यंत पोचत नव्हती, म्हणून न्यूट्रल करून मागं घेणं भाग होतं. पण गिअरच्या लिव्हरचं लॉक करंटवर उघडतं. तुमची बॅटरी मीटरवर ९ व्होल्ट दाखवत होती. चांगली असली की साडेबाराच्या वर असते. मग ब्रेक दाबूनही लिव्हर कसा हलणार? तुमच्या गाडीत लिव्हरच्या बाजूला बारकं झाकण आहे, ते काढून आत दाबलं, ब्रेक दाबून ठेवला, तेव्हा 'एन', म्हणजे न्यूट्रल, पडला. तेच तुमचं बटण. दाबायले दोन सेकंद लागतात, नाही म्हणत नाही.

पण जागा उताराची होती. 'एन' पडला की गाडी सुटते. इंजिन बंद असलं की ब्रेक एक-दोन दाबांतच दगडासारखा होतो, स्टेअरिंगही जड होतं. म्हणून आधी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, अन् गाडीच्या मागं उभं राहून शूटिंग करणाऱ्या तुमच्या पाहुण्यांना हात धरून बाजूला केलं. तोच व्हिडिओ तुम्ही रिव्ह्यूला जोडला आहे. त्यात दगड लावताना मीच दिसतो, एकदा पाहून घ्या.

१२०० मध्ये परतवाड्याहून घाट चढून येणं, केबल लावून गाडी चालू करणं आणि चार्जिंग तपासणं सगळं आलं. वेगळे पैसे मागितले नाहीत. चहासुद्धा मीच पाजला, तो धरला नाही.

यापुढं फोनवरच दर सांगायचा, असं पोट्ट्याले बजावलं आहे. बाकीही सुधारणा करू. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, पण आमचं पोट याच्यावरच आहे, जरा विचार करा. आणि ती बॅटरी जुनी झाली आहे. आतला लाइट रात्रभर चालू राहिला तर पुन्हा हेच होईल. अमरावतीत तपासून घ्या, माझ्याकडूनच बदला असं नाही.