खुलासा : एकच रेग्युलेटर दोघांनी आळीपाळीने वापरायचा?

मालवण-तारकर्लीला स्कूबाला निघालेल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : सोबत्याची हवा संपली तर आपलाच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) आळीपाळीने तोंडात धरा, "ऑक्सिजन" दोघांना पुरतो.

ही पद्धत पूर्वी सर्रास शिकवत. पण घाबरलेला माणूस तोंडात आलेला रेग्युलेटर परत देईलच असं नाही. म्हणून आता डायव्हरच्या छातीपाशी दुसरा रेग्युलेटर असतो, बहुधा पिवळा. त्याला ऑक्टोपस म्हणतात. तो द्यायचा, एकमेकांना घट्ट धरायचं आणि लगेच वर निघायचं. मिनिटाला साधारण 9 मीटर, त्याहून घाई नको, आणि श्वास रोखायचा तर अजिबात नाही. फुप्फुसं फाटू शकतात. एका टाकीवर दोघे म्हटल्यावर हवा भराभर संपते. (आणि टाकीत दाबलेली साधी हवा असते, निव्वळ ऑक्सिजन नव्हे.)

पहिल्यांदा उतरणार असाल तर इन्स्ट्रक्टरचा ऑक्टोपस कुठे आहे, तेवढं बोटीवरच बघून घ्या.