पाठमोरी माणसं

सातवीत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसले होते. स्मरणचित्राला विषय आला फुगेवाला. मी फुगेवाला काढला, भोवती सहा मुलं काढली, आणि सातही जण पाठमोरे. चेहरे येत नव्हते ना! 'सी' ग्रेड मिळाली आणि आपल्या हातात काही कला नाही, हा निकाल मी माझा मीच लावून टाकला. तो पुढे चौतीस वर्षं टिकला.

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, सव्वा वर्ष झालं, रोज चित्र काढतेय. रोज म्हणजे मार्च एंडिंगचे अकरा दिवस सोडून. आणि एक गोष्ट आता छातीठोकपणे सांगू शकते: त्या हाताचा काहीही दोष नव्हता.

आपल्याकडे गंमत बघा. सोळा ठिपके सोळा ओळींची रांगोळी न मोडता काढणारी बाई 'मला बाई चित्रातलं काही येत नाही' म्हणते. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पक्का आहे. अडतं ते डोळ्यांपाशी. लहानपणी आपण खुणा पाठ करतो. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला नारळ, वर मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. पुढे चित्रकला सुटते आणि त्या खुणा दहाव्या वर्षाच्याच राहतात. चाळिशीत पेन्सिल हातात घेतली की कागदावर तेच दहा वर्षांचं पोर उतरतं, आणि आपल्याला लाज वाटते.

मी सुरुवात केली स्टीलच्या ग्लासपासून. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ओट्यावरचा ग्लास काढायचा. पहिले पंधरा दिवस प्रत्येक ग्लास कुठेतरी खटकायचा आणि कुठे ते कळायचं नाही. मग एकदा लक्षात आलं की तोंड मी छान लंबगोल काढतेय आणि बूड मात्र सरळ रेघ मारून मोकळी होतेय. ग्लास सपाट ओट्यावर ठेवलाय, म्हणजे बूड सपाट, असं डोकं सांगत होतं. दिसत होतं वेगळंच. वरून बघताना बुडाची कडही वाकलेली दिसते, उलट तोंडापेक्षा जास्तच, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असते. जन्मभर ज्यातून पाणी प्यायले तो ग्लास मी कधी पाहिलाच नव्हता!

चेहऱ्याचंही तेच. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. आरशासमोर पट्टी घेऊन मोजा. आपण सगळे ते कपाळावर नेऊन ठेवतो, कारण कपाळ आणि केस आपल्या लेखी चेहऱ्यात धरलेलेच नसतात.

ओट्यावरून मग लोकलमध्ये आले. डोंबिवली ते भायखळा, लेडीज डबा. बसायला मिळालं तर शंभरपानी वही आणि साधं बॉलपेन. पेन मुद्दाम. खोडरबर असला की मी एकाच नाकावर मुलुंडपर्यंत बसते. पेनाची चूक तशीच राहते आणि पुढची रेघ मारावीच लागते. झोपलेल्या बायका उत्तम मॉडेल, पण मान कधी कलंडेल याचा नेम नाही. त्यामुळे आधी डोकं, खांदा आणि पर्स यांचा एकूण तोल पटकन पकडायचा, बारकावे नंतर. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही, ठाण्याच्या गर्दीने शिकवलं. (न विचारता कुणाचं चित्र काढणं मला हल्ली खटकतं. म्हणून चेहऱ्यांपेक्षा हात, चपला आणि पिशव्या जास्त काढते. एकदा एका मावशींनी पकडलंच. म्हणाल्या, 'काढतेयस तर काढ, पण नाक एवढं मोठं नाहीये माझं.' बरोबर होतं त्यांचं.)

उशिरा शिकणाऱ्यांना धीर द्यायला लोक हमखास डच चित्रकार व्हॅन गॉगचं उदाहरण देतात. त्याने १८८० साली, वयाच्या २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं, वगैरे. खरं आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. चार्ल्स बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या सरावपुस्तकातली पानं तो पुन्हा पुन्हा बघून काढत बसला होता. अंतरं चुकू नयेत म्हणून दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट करून घेतली होती आणि तिच्यातून बघून तो चित्रं काढायचा. आपल्याला त्याची प्रतिभा आणि त्याने कापून घेतलेल्या कानाची गोष्ट ऐकायला आवडते, ही घोटवणी ऐकायला आवडत नाही.

दुसरं माझं मत थोडं कडू आहे. चित्रं दाखवू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. मी दुसऱ्याच महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जास्वंद टाकली. अंगठे, फुलं, 'छुपी कलाकार' वगैरे सगळं आलं. पुढचा महिनाभर मी फक्त जास्वंदी काढल्या! चपला आणि ग्लास बंद. वाहवा मिळते तेच हात काढायला लागतो, आणि जे येत नाही ते तसंच राहतं. म्हणून कॉमेंटमध्ये फोटो मागू नका, मिळणार नाही.

आणि ते महागडे रंग, जाड कागद, तीस दिवसांचं चॅलेंज... मीही घेतलं होतं सगळं. त्या सुंदर वहीत आजवर दोन पानं भरलीत, कारण ती खराब करायची भीती वाटते. शंभरपानी वह्या मात्र चार संपल्या. पहिली वही परवा चाळली. चित्रं वाईटच आहेत. पण प्रत्येक पानावरून मला गाडीतली जागा आठवते, बाहेर पाऊस होता की ऊन ते आठवतं, शेजारणीच्या डब्यात काय होतं तेही. त्याच दिवसांचे मोबाइलमधले शेकडो फोटो बघून काहीही आठवत नाही.

हात अजून येत नाहीत. बोटं म्हणजे भेंड्या. काल घाटकोपरला एक बाई उतरली तोवर तिचा फक्त डावा कान काढून झाला होता. कान बरा आलाय.