‘लिंपलेला देखावा’ म्हणे! आल्बारासिनवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘परखड’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी स्पेनच्या तेरुएल प्रांतातल्या आल्बारासिन या जुन्या गावावरच्या माझ्या लेखावर सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. म्हणणं असं: ते गुलाबी गाव म्हणजे पर्यटकांसाठी नव्याने लिंपलेला देखावा, त्याला वारसा म्हणणं भाबडेपणाचं, गावात माणसं किती उरलीत ते लेखात नाही, फोटो फसवे आहेत, आणि वर, “दोन दिवस हिंडून आलेल्यांनी वारशावर प्रवचनं देऊ नयेत.”

आधी या शेवटच्या वाक्याचं बोलू. साहेब (की बाईसाहेब, टोपणनावावरून कळत नाही), मतभेद मला नवे नाहीत, इतकी वर्षं ब्लॉग उगाच चालवत नाही. पण ‘हिंडून आलेल्यांनी’ हा जो सूर आहे ना, तो समोरच्याला गप्प करायचा सूर आहे. मी स्पेनमधल्याच सारागोसा शहरात नोकरीनिमित्त राहिले आहे. तेरुएल प्रांतात थंडीतही गेले आहे, जेव्हा पर्यटक औषधालाही सापडत नाहीत. आणि माझे आजोबा गवंडी होते. आमच्या परसात चुन्याची घाणी होती, बैल तिच्याभोवती फिरताना बघत मी मोठी झाले. भिंत कशाला म्हणतात हे मला कोणी टोपणनावाआडून शिकवायची गरज नाही.

आता ‘लिंपलेला’. हो, लिंपलेलाच आहे. लिंपायचाच असतो!

आल्बारासिनची घरं अखंड दगडी नाहीत. तळाला दगड, वर लाकडी चौकट, चौकटीच्या पोकळीत दगडगोटे आणि जिप्सम. वरचे मजले गल्लीवर पुढे आलेले, काही ठिकाणी समोरासमोरची छपरं जवळजवळ भिडतात. गावाच्या मोलिना वेशीजवळचं ‘हुलियानेताचं घर’ तर खाली अरुंद, वर रुंद आणि मधेच पिळवटलेलं आहे. उभं कसं राहिलं असं बघणारा विचारतोच. ते उभं आहे त्या लाकडामुळे आणि जिप्सममुळे.

आणि तो गुलाबी रंग डब्यातला नाही. त्या डोंगरातल्या जिप्सममध्येच लोहाचा अंश आहे, म्हणून लेप लालसर येतो. आता तुमच्यासारखा चिकित्सक विचारेल की जिप्सम म्हणजे पीओपीच, ते बाहेरच्या भिंतीवर टिकेल कसं? जुन्या भट्टीत दगड एकसारखा भाजला जात नसे. आगीलगतचा जास्त, लांबचा कमी. कमी भाजलेला भाग लगेच धरतो, जास्त भाजलेला सावकाश धरतो पण टणक होतो. कारखान्यातल्या पीओपीत हे मिश्रण नसतं. त्यात तिथला पाऊस बेताचा आणि छपरांच्या वळचणी पुढे आलेल्या. तरीही पाणी लागतंच, थंडीत गोठतं, पापुद्रे सुटतात. गाव समुद्रसपाटीपासून जवळपास 1200 मीटरवर आहे, हिवाळा काही मवाळ नाही. मग पुन्हा लेप. मध्ययुगापासून हेच चालत आलंय.

मी तिथे एका गवंड्याला काम करताना पाहिलं. घमेल्यात ओंजळभरच माल कालवत होता, जास्त कालवला तर थापी लावेपर्यंत धरून बसतो. लेप फार गुळगुळीत केला नव्हता, थापीचे फराटे तसेच ठेवले होते. शेजारच्या दारावर पालीसारख्या प्राण्याच्या आकाराची लोखंडी कडी होती, तिच्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून फडकं गुंडाळलेलं. देखावा उभारणारे इतकी निगुती करतात का हो?

हे काम आपोआपही झालेलं नाही. 1961 मध्ये गाव राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं, पण कागदावरच्या शिक्क्याने छपरं गळायची थांबत नाहीत. 1988 मध्ये तिथे जीर्णोद्धाराची प्रशिक्षणशाळा सुरू झाली, 1996 मध्ये गावाचा वारसा जपणारं सान्ता मारिया प्रतिष्ठान आलं आणि त्यातून भिंती, चर्च, तटबंदी एकेक करत दुरुस्त झाली. जिथे सिमेंट लावलं असतं तिथे लाकूड आतून कुजलं असतं. तुम्हाला ‘अस्सल’ हवं म्हणून ती घरं पडू द्यायची होती का? स्पेनमधल्याच सेगोव्हियाच्या रोमन जलसेतूच्या 36 कमानी 15व्या शतकात नव्याने बांधल्या आहेत. घ्या, तोही देखावाच!

फोटोंबद्दल मान्य. ते उतरत्या उन्हातले आहेत, दुपारी त्याच भिंती फिक्या, धुरकट दिसतात. पुढच्या वेळी दुपारचाही एक टाकेन.

माणसं किती, हा प्रश्न. हजाराच्या आसपास. हिवाळ्यात त्याहून कमी असतील, असोत. अख्खा तेरुएल प्रांत ओस पडतोय हे स्पेनमध्ये कोणाला माहीत नाही? ‘तेरुएल एक्सिस्ते’ची (म्हणजे ‘तेरुएल अस्तित्वात आहे’) चळवळ 1999 पासून आहे, 2019 मध्ये त्यांनी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागाही जिंकली. तो वेगळा विषय आहे, माझा लेख भिंतींवर होता. दुरुस्त केलेल्या घरांत राहतं कोण, किती घरांची हॉटेलं झाली, हे मी लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं. प्रत्येक लेखात सगळंच कोंबायचं तर लेख कसला, जनगणना होईल.

गावाच्या नावाचा उच्चार ‘अल्बाराथिन’ की ‘आल्बारासिन’ यावर मी वाद घालणार नाही.

आणि डागडुजीचा इतका तिटकारा असेल तर तेरुएल ज्यात येतो त्याच आरागोन प्रदेशातल्या बेल्चितेला जा. स्पेनच्या यादवी युद्धात, 1937 च्या लढाईत उद्ध्वस्त झालेलं ते गाव हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने मुद्दाम तसंच ठेवलं आणि शेजारी नवीन वसवलं. कोणी थापी लावलेली नाही, आणि आत राहतही कोणी नाही. आत जायला तिकीट आणि गाइड लागतो, आधी आरक्षण करा.