साडेनऊ, साडेदहा आणि फॉरईच

जत्रेच्या नाटकाची वेळ बदलली आणि बोलणी मी खाल्ली. का, तर मी 'कॉम्प्युटरातला'. मेसेज पाठवणारा प्रोग्राम भाच्याचा, हे कुणी ऐकूनच घेईना. आधी पोस्टरसकट 'साडेनऊ' जायचा, मागून 'वेळ बदलली, साडेदहा'. पोस्टर जड, ते रेंगाळलं. दुरुस्ती आधी पोचली आणि चुकीची वेळ तिच्या डोक्यावर येऊन बसली. अख्खा वाडा साडेनऊला चटया घेऊन हजर. नटांच्या तोंडाला अजून रंग नाही.

मंडळाचे खजिनदार म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. त्यांनी मला मंडपात खांबाशी गाठलं. "नीट सांग, काय झालं?"

सांगितलं. जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा. तिच्यातलं फॉरईच यादीतल्या प्रत्येकासाठी फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं काम, चालू करतं आणि लगेच पुढे सरकतं. आत अवेट, म्हणजे 'होईपर्यंत थांब', असं लिहिलं तरी थांबतं ते फंक्शन, फॉरईच नाही. त्यातून आलेल्या प्रॉमिसकडे, म्हणजे 'झालं की कळवतो' या वचनाकडे, फॉरईच ढुंकूनही बघत नाही.

"म्हणजे गाडी सोडायची डबल बेल मारतो, पण उतरणारा उतरला काय, बघत नाही?"

"...हो, काका."

झालं! फोंडा-पणजी, बाणस्तारीचा बाजार, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली म्हातारी. "एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. हातात सुट्टे, तेही मोजून घेणार. त्या वेळी मी डबल मारली असती तर सस्पेंड झालो असतो मरे! तुमच्या त्या ईचाला कोण सस्पेंड करत नाही?"

प्रश्न बिनतोड होता, याचाच जास्त राग आला. फॉरईच भाषेच्या २००९च्या आवृत्तीत आलं, प्रॉमिस २०१५ला, असिंक-अवेट २०१७ला. जुन्याला नव्याची ओळख नाही, समजू शकतो. पण एरर नाही, साधी सूचना नाही! निमूटपणे घोळ घालायचा आणि वर 'काम झालं' म्हणायचं.

"मामा, प्रॉमिस डॉट ऑल घालू?" भाचा. अरे, त्यातही सगळे एकदमच सुटणार! उत्तरं तेवढी यादीच्या क्रमाने हातात येतात, म्हणून सगळं शहाण्यासारखं झालं असं वाटतं. शेवटी मीच साधं फॉर-ऑफ लिहिलं, आत अवेट: एक गेला की दुसरा.

काकांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं. "एवढंच? मग इतका वेळ भाषण कसलं देत होतास?"

भाषण मी देत होतो!

नाटकाआधी स्टेजवरून आभार मानले गेले. मांडववाले, लाइटवाले आणि 'मेसेज सेवेबद्दल' चिरंजीव भाचा. मला काकांनी खुर्चीपाशी येऊन हळूच सांगितलं, देवळाच्या ऑफिसातला प्रिंटर कागद ओढत नाही, मध्यंतरात तेवढा बघ.