मांजरं उचलायचा आदेश नक्की कुणी काढलाय?

मावशीने मासळी बाजारामागच्या मांजरांना खाऊ घालणं बंद केलं. कारण काय, तर व्हॉट्सॲप. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लांबलचक मेसेज टाकला. तिने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं का रे? पोलीस येतील का घरी?" सत्तरीची बाई, उभ्या आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नाही, ती आता चार मांजरांपायी धास्ती घेऊन बसलीये. तोच मेसेज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या. म्हणून हे लिहितोय, आणि सरळ सांगतो, वैतागून लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचलेला नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने म्हणे कुत्र्यांबरोबर मांजरंही सगळ्या सार्वजनिक जागांवरून हटवायला सांगितलीत. महापालिकेची गाडी येऊन ती उचलणार. खाऊ घालणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार. मांजर आसपास असलं की गर्भपात होतो, केस पोटात गेला की दमा होतो, शिवाय रेबीज आहेच. पक्षी मांजरांनीच संपवले. आणि शेवटी उपाय: "गाडीची वाट न बघता आपणच पोत्यात भरून जंगलात सोडून या. जीवही वाचेल, परिसरही स्वच्छ होईल." खाली हात जोडलेला इमोजी.

आधी न्यायालयाचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ७ नोव्हेंबर २०२५ ला न्यायमूर्ती विक्रम नाथ, संदीप मेहता आणि एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने आदेश दिला, हे खरं. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं इथून भटके कुत्रे हलवा, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा तिथेच सोडू नका, असं त्यात आहे. दुसरा भाग महामार्गांचा आहे, तिथली मोकाट गुरं आणि इतर जनावरं हटवा. हा खटला मुळात कुत्र्यांच्या चाव्यांवरून सुरू झाला. बागेतलं, मंडईतलं, चाळीच्या जिन्यातलं मांजर उचला, असं या आदेशात कुठेही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने "कुत्रे" वाचलं आणि "व मांजरे" स्वतःच्या पदरचं जोडलं. दोन शब्दांत काम फत्ते.

उलट जानेवारी २०२६ मध्ये याच प्रकरणाच्या सुनावणीत, कुत्रे हलवले तर उंदीर वाढतील असा मुद्दा निघाला तेव्हा, मग मांजरांना प्रोत्साहन द्यायला हवं, अशा अर्थाचा शेरा खंडपीठाकडूनच आल्याच्या बातम्या होत्या. तो शेरा होता, आदेश नव्हे. त्याला मी कायदा म्हणणार नाही. पण ज्याला न्यायालयाचं नाव घेऊन मांजरं उचलायचीत त्याने तो एकदा वाचावा.

खाऊ घालण्याबद्दल मात्र अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात कुत्र्यांना रस्त्यात कुठेही खायला घालायला मनाई केली, त्यासाठी ठरावीक जागा करा असं सांगितलं. पण तेही कुत्र्यांसाठी. मांजरांना लागू होतात ते २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम. जुने, २००१ चे नियम फक्त कुत्र्यांपुरते होते. नव्या नियमांत "सामुदायिक प्राणी" अशी व्याख्याच आहे: वस्तीत जन्मलेला, कुणी मालकी न सांगितलेला, वन्य नसलेला प्राणी. आणि नियम २० सांगतो की अशा प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करणं ही रहिवासी संघटनेची किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीची जबाबदारी आहे. म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ज्याला गुन्हा म्हणतात ते काम कागदोपत्री त्यांचंच आहे. हां, जागा कुठेही नको, मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब हवी, आणि घाण करू नये, हेही त्याच नियमात आहे. वर्तमानपत्रावर भात-मासळी टाकून निघून जाणारे आणि मागे राहिलेल्या काट्यांवर घुशी पोसणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्याविरुद्ध शेजाऱ्यांनी तक्रार केली तर मी शेजाऱ्यांच्या बाजूने.

आता पोत्याकडे येतो. बाकी सगळं चूक असतं तरी सोडून दिलं असतं, पण हा सल्ला ऐकून कुणीतरी खरोखर पोतं आणायला जातो. आपल्याकडे ही जुनीच खोड आहे. घरात पिल्लं झाली की पिशवीत घालायची आणि नदीपलीकडे, नाहीतर स्टेशनच्या पलीकडच्या मंडईत सोडून यायचं. मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणणारी माणसं हे काम बिनदिक्कत करतात, कारण "आपण कुठे मारलं?"

मांजराच्या बाजूने बघा. त्याचा सगळा जीव एका छोट्या हद्दीत असतो. कुठल्या गाळ्यामागे पाणी मिळतं, कोणती मासेवाली कोलंबीची डोकी बाजूला ठेवते, कुत्रं आलं तर कुठल्या छपरावर चढायचं, हे त्याला पाठ असतं. पोत्यातून बाहेर पडतं तेव्हा यातलं काहीच नसतं. घाबरून ते कुठेतरी सांदीत घुसतं, दिवसचे दिवस खात नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते त्यानेच मरू शकतं. कुठलाही प्राण्यांचा डॉक्टर हे सांगेल. जे तगतात ते बरेचदा परत घराकडे चालायला लागतात, मध्ये हायवे असला तरी. आणि भाटी, म्हणजे मादी मांजर, उचलली असेल तर तिची पिल्लं मागेच राहतात. मांजरं पकडणारी अनुभवी माणसं भाटीला पिंजऱ्यात घेण्याआधी तिचं पोट बघतात, सडांभोवतीचे केस ओले-विस्कटलेले दिसले तर हात लावत नाहीत. मग आधी पिल्लं शोधतात, गोण्यांमागे, बंद टपरीखाली, मीटरच्या खोलीत. पोतंवाला हे बघतो का? तो मोकळा होतो आणि मागे कुठल्या तरी फटीत चार पिल्लं ओरडून ओरडून गप्प होतात.

बरं, हे करताना गुन्हा नेमका कोण करतो? खाऊ घालणारी मावशी नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ बघा. प्राण्याला हाल होतील अशा रीतीने नेणं हा गुन्हा, आणि तहान-भुकेने तडफडेल अशा परिस्थितीत टाकून देणं हाही गुन्हा. मेसेजमधल्या एका वाक्यात दोन्ही बसतात. (दंड मात्र पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात वडापावही धड येत नाही, तो वेगळ्या रागाचा विषय.) विष घातलं, मारलं, जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते.

आणि गंमत बघा. याच मेसेजमध्ये चार ओळी वर लिहिलंय की मांजरं पक्षी संपवतात. मग त्यांना सोडायचं कुठे? तर जंगलात! अरे, पक्षी कुठे असतात? पक्ष्यांचा मुद्दा खोटा नाही, हेही मान्य करतो. मांजर शिकारी आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, हवाई अशा ठिकाणी माणसांनी नेलेल्या मांजरांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं मोठं नुकसान केलंय. अभयारण्याच्या कडेला मांजरांची वस्ती वाढू देऊ नये, हे मी लिहून देतो. पण मासळी बाजारातली, माणसाच्या हातून खाणारी मांजरं उचलून नेमकी येऊरच्या जंगलात सोडायची आणि वर पक्ष्यांची काळजी दाखवायची, याला काय म्हणावं? मांजराचे रोग रानमांजरांना देऊन येणार ते वेगळंच.

आता आजार. इथे मावशीपेक्षा माझ्या वहिनीचा प्रश्न होता, तिला सातवा महिना आहे आणि तिच्या सासूने घरातली मनी बाहेर काढायचं फर्मान सोडलंय. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे, गर्भाला धोकादायक ठरू शकतो, मांजराच्या विष्ठेतून पसरतो. इथवर खरं. पुढचं अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने लिहून ठेवलंय ते वाचा. मांजर संसर्ग झाल्यावर साधारण तीन आठवड्यांपर्यंतच हा परजीवी विष्ठेतून बाहेर टाकतं, आणि बाहेर पडलेला परजीवी एक ते पाच दिवस जाईपर्यंत कुणाला लागत नाही. केसातून नाही, श्वासातून नाही, जिन्यात बसलेल्या मांजराकडे बघून तर नाहीच. माणसाला हा संसर्ग कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मटण, न धुतलेली भाजी, मातीचे हात यांतूनही होतो. सीडीसी गरोदर बाईला घरातलं मांजर काढून टाकायला सांगत नाही. सांगते ते असं: मांजराचा ट्रे रोज साफ करा, शक्यतो दुसऱ्या कुणीतरी करा, बागकाम करताना हातमोजे घाला, मांस नीट शिजवा. म्हणजे ट्रे दादाने काढायचा. यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

केस पोटात जाऊन दमा होतो, हे आजीच्या काळापासून ऐकतोय. ॲलर्जी असते काहींना, ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनांची. ज्याला आहे त्याने लांब राहावं.

रेबीजची थट्टा नको. मांजर चावलं किंवा ओरबाडलं, रक्त आलं नसलं तरी, जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याखाली धरायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची, "मांजरच तर आहे" म्हणून टाळायचं नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांमागे कुत्रा असतो. आणि नसबंदीसाठी पकडलेल्या मांजराला त्याच वेळी लस टोचता येते, जंगलात सोडलेल्याला येत नाही.

मांजरप्रेमींच्या उलट्या फॉरवर्डलाही एक टपली मारायला हवी. "मांजरं नसती तर प्लेग आला असता" वगैरे. याला अमरावतीचा धागा आहे, तो मला आवडतो: तिथले सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात मांडलं होतं की ज्या गावांत मांजरं जास्त तिथे प्लेग कमी. त्या काळात धाडसी कल्पना होती. पण मांजरालाही प्लेग होतो. आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कचरा केंद्रात कॅमेरे लावून पाहिलं तर तिथल्या मांजरांनी ७९ दिवसांत मोजून दोन उंदीर मारले. मोठी घूस आणि मांजर एकमेकांना टाळतात, हे मासळी बाजारात कुणीही बघू शकतं. तेव्हा मांजर ठेवायचं ते ते तिथे जन्मलंय म्हणून, उंदीर मारण्याची नोकरी लावून नव्हे. उंदरांसाठी महापालिकेची रात्रपाळीची माणसं आहेत आणि कचरा वेळेवर उचलणं आहे.

मग मांजरं वाढतात त्याचं काय? वाढतात, आणि त्रास होतो. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा. बोके रात्री भांडतात, दारावर मुततात, तो वास घासून जात नाही. उचलून नेलं तर खाणं तिथेच असतं, त्यामुळे शेजारच्या गल्लीतली नवी मांजरं रिकाम्या जागी येतात. नसबंदी करून त्याच जागी परत सोडलं तर जागा भरलेली राहते, पिल्लं थांबतात, बोक्यांचा आरडाओरडाही बराच कमी होतो. नसबंदी झालेलं मांजर लांबून ओळखता यावं म्हणून भूल असतानाच कानाचं टोक सरळ कापतात.

रुग्णालयाचं तेवढं वेगळं. अतिदक्षता विभागात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, नवजात बाळांच्या खोलीत मांजर नको म्हणजे नकोच. पण तिथलं मांजर तुटलेल्या जाळीतून आणि खाटेखालच्या डब्यातल्या उष्ट्यासाठी येतं. जाळी न बसवता मांजर उचललं तर महिन्याभरात दुसरं त्याच खिडकीतून येणार.

तर ज्यांना आपल्या बागेतली, मंडईतली मांजरं कमी व्हायला हवीत त्यांनी हा मेसेज पुढे ढकलण्याऐवजी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. मुंबईत मांजरांच्या नसबंदीचं काम महापालिकेने हाती घेतलेलं आहे, इतर शहरांत पशुवैद्यकीय विभागाकडे विचारा. अर्जात एवढं लिहा: जागा कोणती, मांजरं अंदाजे किती, त्यातली कान कापलेली किती, भाट्या किती, सध्या पिल्लं अंगावर असलेली कोणती, आणि पकडायच्या दिवशी पिंजऱ्याजवळ कोण थांबेल. पिंजऱ्यात सुकट ठेवायची आणि आदल्या रात्री खायला घालायचं नाही, भुकेलं असेल तर आत जातं, शिवाय भूल द्यायला पोट रिकामं लागतं. मांजर आत गेलं की लगेच वरून चादर टाकायची, अंधारात ते शांत होतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.