मोठे टायर, टो-आउट आणि ग्रुपवरचे मेकॅनिक

'जिम्नीला मोठे टायर टाकलेत? अलाइनमेंट विसरा' हा मेसेज कोकणातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. दापोलीचा आमचा भाचा तो वाचून टाय रॉडला (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याला) पाना लावायला निघाला, म्हणून हा खटाटोप.

'पुढची चाकं ५ मिमी टो-आउट ठेवा, चिखलात पटकन वळते.' यातला सगळ्यात घातक सल्ला हाच. टो-आउट म्हणजे चाकं पुढच्या बाजूने फाकलेली, टो-इन म्हणजे पुढून आत वळलेली. टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) चालताना रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो, बुश आणि जॉइंटमधली ढिलाई त्या बाजूला जाते आणि चाकं पुढून फाकतात. म्हणूनच उभ्या गाडीला किंचित टो-इन देतात. रुंद टायर आणि बाहेर आलेली रिम असली की हे रेटणं आणखी वाढतं. त्यात आधीच ५ मिमी फाकवून ठेवलीत, तर भर पावसात कुंभार्ली घाटात गाडी सरळ चालायची नाही, आणि टायर आतल्या कडेने झिजतील ते वेगळंच. फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद मिळते तेव्हा) पुढची चाकं स्वतः ओढतात आणि आत वळू बघतात, हे मान्य. पण चिखलापर्यंत डांबरावरूनच जायचंय ना?

'कंपनीचा आकडा मोठ्या टायरला लागू नाही.' अर्धं खरं, तेही चुकून. टोचा कोन तोच राहतो, मिमी बदलतात. १९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी, २३५/७५ आर१५ चा ७३४. ट्रेडवर (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर) मोजलेले ३ मिमी नव्या टायरवर ३.२ होतात, बस्स. खरा घोळ वेगळाच आहे: रिमच्या कडेवरचे ३ मिमी ट्रेडवर पाचाच्या वर जातात. म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंशात आहे की मिमीत, आणि मिमीत असेल तर कुठे मोजलेला, ते आधी बघा. मशीन कोनच मोजतं, त्याला टायरच्या मापाशी देणंघेणं नाही.

'अखंड अ‍ॅक्सलला अलाइनमेंट नसतंच.' जिम्नीला पुढे असाच सलग अ‍ॅक्सल असतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) फिरवता येत नाही, एवढंच खरं. टो टाय रॉडवर असतो, आणि लिफ्ट केली (गाडी उंच करून घेतली) असेल तर कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो.

'स्टिअरिंग थरथरतंय? जाड डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) लावा.' दुखणं झाकेल, जाणार नाही. बॅलन्सिंग, पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर वळतं ते) बघा.

घरी मोजायचंच असेल तर हवा सारखी भरा, जागा सपाट घ्या, चाक उचलून फिरवत ट्रेडवर बारीक रेघ मारा. चाकं खाली टेकवली की गाडी थोडी पुढे ढकला आणि हबच्या उंचीवर दोन्ही चाकांवरच्या रेघांमधलं मागचं आणि पुढचं अंतर घ्या. मागचं जास्त भरलं तर टो-इन. खाऱ्या हवेने टाय रॉडचा लॉकनट जाम झालेला असतो, आदल्या रात्रीच तेल सोडा. गाडी मागे ढकलून मोजू नका. ढिलाई उलटी बसते आणि आकडा खोटा येतो.